तोटा खरा, पण मुहूर्त कुणाचा?

सीबीएस वाहिनीने 17 जुलै 2025 रोजी ट्रम्प यांची खिल्ली उडवणाऱ्या स्टीफन कोल्बेरचा 'द लेट शो' हा रात्रीचा विनोदी गप्पांचा कार्यक्रम मे 2026 मध्ये कायमचा बंद करणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून एक वाद चालू आहे आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच वाईट चालला आहे. एक पक्ष म्हणतो, कार्यक्रम तोट्यात होता, म्हणून बंद होतोय. धंदा आहे, त्यात गळा काढण्यासारखं काय? दुसरा म्हणतो, रात्री साडेअकराच्या वेळेत सगळ्यांत जास्त बघितला जाणारा कार्यक्रम कुणी तोट्याखातर बंद करतं का? हा सरळसरळ ट्रम्प यांच्यापुढे ठेवलेला नैवेद्य आहे. न्यू जर्सीतली आपली मंडळी याच दोन तंबूंत बसली आहेत आणि त्यांचे ठाण्या-पुण्यातले नातेवाईकही तितक्याच हिरिरीने भांडताहेत. सप्टेंबरात एबीसी वाहिनीने तिच्या अशाच कार्यक्रमाचा निवेदक जिमी किमेल याला आठवडाभर घरी बसवलं, तेव्हा तेच संवाद पुन्हा झडले. या दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र न बोलता मान्य केली आहे: बाजार वेगळा, सरकार वेगळं, आणि जे झालं ते यांपैकी एकामुळे. माझं म्हणणं असं की अमेरिकन टेलिव्हिजनपुरतं तरी हे गृहीतकच खोटं आहे. तिथला टीव्हीचा बाजार पहिल्या दिवसापासून सरकारी परवान्यावर उभा आहे. तेव्हा 'पैसा की राजकारण' या प्रश्नाला उत्तरच नाही. सरकारने हात घातला तो कसा, हे विचारायला हवं. उघडपणे, लेखी, सगळ्यांना सारख्या लागू होणाऱ्या आणि कोर्टात आव्हान देता येईल अशा नियमाने घातला, की एका कंपनीची फाइल टेबलावर असताना तिच्याकडे बघून नुसतं खाकरून?

हे समजून घ्यायला 1971 साल फार उपयोगी आहे. अमेरिकन टीव्हीत एका वर्षात इतकी उलथापालथ क्वचितच झाली असेल. सीबीएसने त्या वर्षी 'द बेव्हर्ली हिलबिलीज', 'ग्रीन एकर्स', 'मेबेरी आर.एफ.डी.', 'ही हॉ' असे गावाकडच्या वळणाचे कार्यक्रम एका फटक्यात काढून टाकले. 1948 पासून रविवारी रात्री घराघरांत येणारा एड सुलिव्हन गेला. एबीसीने लॉरेन्स वेल्कच्या वाद्यवृंदाला नारळ दिला. 'ग्रीन एकर्स'मधला नट पॅट बट्रम पुढे म्हणत असे की ज्यात म्हणून झाड दिसत होतं ते सगळं सीबीएसने त्या वर्षी मारलं, 'लॅसी' कुत्रीसकट. यातले सगळे काही पडेल कार्यक्रम नव्हते. 1970-71 च्या हंगामात 'मेबेरी' पंधराव्या क्रमांकावर होता आणि 'ही हॉ' सोळाव्या. मग बंद का केले? कारण बघणारे पुष्कळ असले तरी ते वयस्कर होते, गावाकडचे होते आणि खिशाने बेताचे होते. जाहिरातदारांना हवा होता शहरातला, तरुण, नवा फ्रिज आणि नवी गाडी घेणारा माणूस. वाहिनीचं गिऱ्हाईक प्रेक्षक नसतोच. गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि प्रेक्षक हा त्याला विकायचा माल. एवढं साधं गणित लक्षात ठेवलं तर दुसऱ्या पक्षाचा लाडका मुद्दा तिथेच गळून पडतो. कोल्बेरचा कार्यक्रम त्याच्या वेळेत पहिला होता हे खरं, पण पहिला असणं हा न बंद होण्याचा दाखला कधीच नव्हता.

त्या वर्षीच्या एका मंगळवारकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. 12 जानेवारी 1971. सीबीएसवर संध्याकाळी हिलबिलीज, मग ग्रीन एकर्स, मग साडेआठला 'ही हॉ': गवताचे भारे, बँजो आणि बाळबोध विनोद. ते संपल्यावर साडेनऊला पडद्यावर एक सूचना झळकली. पुढच्या कार्यक्रमात आपल्याच उणिवांवर आणि पूर्वग्रहांवर विनोद केला आहे, अशा अर्थाची. आणि मग 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाला. त्यातला आर्ची बंकर हा क्वीन्समधला कामगार आपल्या खुर्चीत बसून काळ्यांबद्दल, ज्यूंबद्दल, जावयाबद्दल ते सगळं बोलायला लागला जे तोवर टीव्हीवर कुणी बोलत नसे. तक्रारींचा पाऊस पडेल म्हणून वाहिनीने फोन घ्यायला जादा माणसं बसवून ठेवली होती. फोन आले ते बेताचेच. पुढच्याच हंगामात हा कार्यक्रम देशात पहिला आला. हे धाडस करणारा सीबीएसचा अध्यक्ष रॉबर्ट वुड. पण याच वुडने दोन वर्षांपूर्वी, एप्रिल 1969 मध्ये, व्हिएतनाम युद्धावर बोचरे विनोद करणाऱ्या स्मदर्स बंधूंचा कार्यक्रम बंद केला होता. त्या वेळचं अधिकृत कारण काय, तर टेप वेळेवर पोचवली नाही. त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. '1971 ला बाजाराने ठरवलं, 2025 लाही बाजारानेच ठरवलं' असं त्यांना यावरून म्हणता येईल. पण 1971 ला वाहिन्यांना काटकसर आणि निवडानिवड करायची वेळ आली, ती कशामुळे? त्यामागे वॉशिंग्टनमध्ये घेतलेले दोन निर्णय ठळक होते. सिगारेटच्या जाहिरातींवर रेडिओ-टीव्हीत बंदी आली ती 2 जानेवारी 1971 पासून. (एक तारखेला कॉलेज फुटबॉलचे मोठे सामने असतात, म्हणून एक दिवसाची सूट. आरोग्याची काळजी, पण सुट्टीनंतर!) वर्षाला वीस कोटी डॉलरांच्या आसपासचं उत्पन्न एका रात्रीत गेलं. दुसरा निर्णय एफसीसीचा, म्हणजे प्रसारणाचे परवाने देणाऱ्या केंद्रीय आयोगाचा. मोठ्या पन्नास शहरांतल्या स्थानिक टीव्ही केंद्रांनी संध्याकाळच्या चार तासांपैकी तीनच तास राष्ट्रीय वाहिन्यांचे कार्यक्रम दाखवायचे, उरलेला वेळ दुसऱ्यांना द्यायचा. हा नियम 1971 च्या शरद ऋतूत लागू झाला आणि वाहिन्यांच्या वेळापत्रकातली रोजची जागा घटली. जागा कमी, पैसा कमी; मग कुणाला काढायचं याचा हिशेब 'बाजाराने' केला. यातली गंमत अशी की काढून टाकलेले 'ही हॉ' आणि लॉरेन्स वेल्क हे दोघंही स्वतंत्रपणे केंद्रांना विकले जाऊ लागले आणि त्या नियमाने मोकळ्या झालेल्या वेळेतच पुढे वर्षानुवर्षं चालले. ज्या नियमामुळे ते बाहेर फेकले गेले, त्यानेच त्यांना घर दिलं. यातलं बाजाराने काय केलं आणि सरकारने काय, हे वेगळं करून दाखवा बघू.

पण हे निर्णय झाले कसे, हे महत्त्वाचं. सिगारेटबंदी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, कायदा करून आणली, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. वेळेचा नियम आयोगाने मसुदा काढून, सगळ्यांच्या हरकती ऐकून केला. दोन्हींविरुद्ध प्रसारक कोर्टात गेले आणि 1971 मध्येच दोन्ही ठिकाणी हरले. हे नियम शहाणपणाचे होते का? वेळेच्या नियमाने दर्जेदार स्थानिक कार्यक्रम येतील अशी आशा होती. आले ते मुख्यतः स्वस्तातले बक्षिसांचे खेळ. मला तो नियम फसलाच वाटतो. तरी तो कुणाचा सूड नव्हता. 'अमुक निवेदक अध्यक्षांना टोचून बोलतो म्हणून त्याच्या वाहिनीचा अर्धा तास काढा' असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

ही कसोटी मी माझ्या सोयीने वापरतो असं कुणी म्हणायला नको, म्हणून 2025 चंच एक उदाहरण घेतो. सार्वजनिक प्रसारणाला, म्हणजे पीबीएस आणि एनपीआर यांच्या केंद्रांना, केंद्र सरकारकडून मिळणारे एक अब्ज 10 कोटी डॉलर त्या जुलैत काढून घेतले गेले. 1967 च्या कायद्याने उभं राहिलेलं महामंडळ त्यामुळे गुंडाळायची वेळ आली. हा निर्णय मला अत्यंत चुकीचा वाटतो. न्यूयॉर्कचं काही अडणार नाही. मार खातील अलास्का आणि डाकोटामधली लहान केंद्रं. पण सिनेटमध्ये 51 विरुद्ध 48 आणि प्रतिनिधिगृहात 216 विरुद्ध 213 अशी उघड मतं पडून तो झाला. कुणी कुठल्या बाजूला हात वर केला हे मतदाराला ठाऊक आहे, पुढच्या निवडणुकीत त्याचा जाब विचारता येतो. चुकीचा निर्णय आणि भ्रष्ट रीतीने घेतलेला निर्णय यांत मी फरक करतो, आणि तो फरक केला नाही तर प्रत्येक नावडता निर्णय हुकूमशाहीच्या खात्यावर टाकावा लागेल.

मग 'लेट शो'चं काय? पैशाची बाजू आधी पुरती मान्य करतो, कारण ती भक्कम आहे. कार्यक्रमाला वर्षाला चार कोटी डॉलरांचा तोटा होत असल्याच्या बातम्या आल्या. रात्री उशिराच्या कार्यक्रमांवरची जाहिरात काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली आहे. एनबीसीने 2024 मध्ये 'टुनाइट शो' आठवड्याला चार रात्रींवर आणला आणि सेथ मायर्सच्या कार्यक्रमातला वाद्यवृंद बंद केला. सीबीएसनेच जेम्स कॉर्डनच्या जागी आणलेला स्वस्तातला कार्यक्रमही फार टिकला नाही. तरुण मंडळी कोल्बेरचा सहा मिनिटांचा तुकडा दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर बघतात, आणि त्या तुकड्यावर थिएटर, बँड आणि लेखकांचा ताफा पोसला जात नाही. आज ना उद्या हा कार्यक्रम बंद झालाच असता, हे मला पटतं.

आता तारखा बघा. सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट स्कायडान्सला विकली जाणार होती, आठ अब्ज डॉलरांचा व्यवहार. त्याला एफसीसीची परवानगी लागणार होती, कारण सीबीएसच्या मालकीच्या केंद्रांचे परवाने नव्या मालकाच्या नावे करायचे होते. फाइल महिनोन्महिने पडून होती. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात पॅरामाउंटने ट्रम्प यांच्याशी तडजोड करून एक कोटी 60 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. खटला होता 'सिक्स्टी मिनिट्स'मधल्या कमला हॅरिस यांच्या मुलाखतीच्या संपादनाबद्दलचा, आणि बहुतेक जाणकारांनी तो कोर्टात टिकणार नाही असंच म्हटलं होतं. 14 जुलैला कोल्बेरने आपल्याच मालकांच्या या तडजोडीला कॅमेऱ्यासमोर जाडजूड लाच म्हटलं. 17 ला कार्यक्रम बंद करायची घोषणा. 24 ला आयोगाची परवानगी, दोन विरुद्ध एक मताने; त्यासाठी नव्या मालकाने सीबीएस न्यूजवर पक्षपाताच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल नेमायचं आश्वासन दिलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असं म्हणता येईल. पण हा कावळा एका महिन्यात किती फांद्यांवर बसला? तोटा खरा मानला तरी तो काही त्या गुरुवारी सुरू झाला नव्हता. पगार कापणं, दिवस कमी करणं, वाद्यवृंद काढणं हे एनबीसीने वापरलेले उपाय सीबीएसने करूनही बघितले नाहीत. तोट्याने कारण पुरवलं. मुहूर्त कुणी काढून दिला हा प्रश्न उरतोच. आणि कंपनीला कुणी फोन करून सांगितलं असेल असंही मला म्हणायचं नाही. तशी गरजच नसते. पडत्या फळाची आज्ञा मानणाऱ्याला लेखी हुकूम कशाला लागतो?

किमेलच्या वेळी तर फळ पडतानाच सगळ्यांनी पाहिलं. उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर किमेलने केलेलं विधान बेजबाबदार होतं असं मानणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार 17 सप्टेंबरला एका पॉडकास्टवर म्हणाले की हे सोप्या मार्गाने होऊ शकतं किंवा कठीण मार्गाने. त्याच संध्याकाळी नेक्स्टार या केंद्रमालक कंपनीने कार्यक्रम दाखवणार नसल्याचं जाहीर केलं, पाठोपाठ सिंक्लेअरने, आणि एबीसीने किमेलला थांबवलं. टेग्ना ही दुसरी केंद्रमालक कंपनी सहा अब्ज 20 कोटी डॉलरांना घ्यायचा नेक्स्टारचा व्यवहार तेव्हा आयोगाच्या परवानगीवर अवलंबून होता. कार यांचं ते वाक्य गुंडांच्या सिनेमातलं वाटतं, असं म्हणणारा माणूस डावा नव्हता. तो होता टेक्सासचा रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ. त्याला पुरतं कळलं होतं की हे हत्यार उद्या दुसऱ्या पक्षाच्या हातात जाईल.

यावर सगळ्यांत जड आक्षेप असा: ध्वनिलहरी जनतेच्या आहेत, परवाना फुकट मिळतो, बदल्यात केंद्राने लोकहित पाहावं असा कायदाच आहे. मग आयोगाने लोकहिताची आठवण करून दिली तर बिघडलं काय? तुम्ही उदारमतवादी मंडळी डब्ल्यूएलबीटीचा परवाना गेला तेव्हा टाळ्या पिटत होतात ना? हा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराचं हे केंद्र नागरी हक्कांच्या बातम्या प्रेक्षकांपर्यंत पोचूच देत नसे. 1955 मध्ये राष्ट्रीय वाहिनीवर नागरी हक्कांचे वकील थरगूड मार्शल बोलायला लागले तेव्हा या केंद्राने 'केबलमध्ये बिघाड' अशी पाटी लावली, ही गोष्ट तर दंतकथेसारखी सांगितली जाते. शेवटी त्यांचा परवाना गेला आणि 1971 मध्ये केंद्र नव्या हातांत आलं. पुढच्या वर्षी तिथे विल्यम डिल्डे हे महाव्यवस्थापक झाले, अमेरिकेतल्या टीव्ही केंद्राचे पहिले कृष्णवर्णीय महाव्यवस्थापक. परवान्याचं हत्यार चांगल्या कामीही येतं, हे मान्यच.

पण ते घडलं कसं तेही सांगा. तक्रार अध्यक्षांनी केली नव्हती; एका चर्चसंस्थेने आणि जॅक्सनमधल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी 1964 मध्ये केली होती. केंद्राने काय दाखवलं आणि काय गाळलं याची नोंद करणारे स्वयंसेवक टीव्हीसमोर बसवून पुरावा गोळा केला होता. आणि आयोग? आयोग केंद्राच्याच बाजूने उभा होता! 'तुम्ही नुसते प्रेक्षक, तुमचा यात काय संबंध' असं त्याने तक्रारदारांना सुनावलं. 1966 मध्ये कोर्टाने आयोगाचे कान उपटले आणि प्रेक्षकांनाही दाद मागायचा अधिकार आहे असं ठरवलं. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती वॉरन बर्गर काही क्रांतिकारक नव्हते, पुढे त्यांना सरन्यायाधीश केलं ते निक्सन यांनी. 1969 मध्ये त्यांनीच परवाना रद्द करायला लावला. म्हणजे पाच वर्षं, साक्षीपुरावे, दोन निकाल. त्याच्या शेजारी पॉडकास्टवरचं एक वाक्य आणि संध्याकाळपर्यंत आलेला निकाल ठेवून बघा. 'परवाना दोन्हीकडे होता' म्हणून दोन्ही सारखं, हे म्हणणं म्हणजे कोर्टाने केलेली जप्ती आणि दरोडा दोन्हींत माल जातोच की, असं म्हणण्यापैकी आहे. शिवाय 1934 च्या कायद्याचं 326 वं कलम आयोगाला आशयावर सेन्सॉरशिप करायला स्पष्ट मनाई करतं.

दुसऱ्या तंबूतल्या 'असं कधीच घडलं नव्हतं' या आरोळीतही दम नाही. निक्सन 1972 च्या सप्टेंबरात कार्यालयात बसून बोलले होते की वॉटरगेट प्रकरणाच्या मागे लागलेल्या वॉशिंग्टन पोस्टची टीव्ही केंद्रं आहेत आणि त्यांना परवान्यांचं नूतनीकरण करून घ्यावं लागणार आहे. जानेवारी 1973 पर्यंत पोस्टच्या फ्लोरिडातल्या केंद्रांच्या नूतनीकरणाला आव्हानं दाखल झालीही. ध्वनिमुद्रणाची फीत फिरत नसती तर हे वाक्य आपल्याला कधीच कळलं नसतं. (आपल्याकडे दूरदर्शन सरकारचंच होतं, त्यामुळे दबावाला असा मागचा दरवाजा शोधावा लागत नसे, सगळं समोरूनच.) तेव्हाचा आणि आताचा फरक असा की निक्सन यांना हे लपवावंसं वाटत होतं. डिसेंबर 2025 मध्ये कार यांनी सिनेटच्या समितीपुढे आयोग स्वतंत्र नाही असं सरळ सांगितलं, आणि त्याच दिवशी आयोगाच्या संकेतस्थळावरच्या स्वतःच्या ओळखीतून 'स्वतंत्र' हे विशेषण काढून टाकलं गेलं.

दुसरा फरक मला जास्त काळजीचा वाटतो, आणि इथे 'टीव्ही मेलाच आहे, कशाला डोकं फोडता' म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. मे 2025 मध्ये टीव्ही बघणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या नील्सन कंपनीच्या आकड्यांत स्ट्रीमिंगचा वाटा 44.8 टक्के झाला, केबल आणि प्रसारण यांच्या बेरजेहून पहिल्यांदाच जास्त. यूट्यूबला एफसीसीचा परवाना लागत नाही. मग दबावाचा विषयच संपला? उलट आहे. 1971 च्या फेब्रुवारीत सीबीएसने पेंटागॉनच्या प्रचारयंत्रणेवर माहितीपट दाखवला, तेव्हा संसदेच्या समितीने न वापरलेलं चित्रीकरण मागितलं. सीबीएसचे फ्रँक स्टँटन यांनी ते द्यायला साफ नकार दिला, तुरुंगात जायची तयारी ठेवून. जुलैत प्रतिनिधिगृहाने 226 विरुद्ध 181 मतांनी अवमानाचा ठराव परत समितीकडे पाठवला. हे शौर्य होतंच, पण त्यामागे पैसाही होता. तीनच वाहिन्या, सगळा देश त्यांच्यासमोर बसलेला. सीबीएसला कुणात विलीन व्हायचं नव्हतं, कुणाची परवानगी नको होती. आजचा प्रसारक आकसत चालला आहे, जगायचं तर त्याला दुसऱ्याला गिळावं लागतं किंवा स्वतःला विकावं लागतं, आणि दोन्हीसाठी सही लागते ती आयोगाची. म्हणजे बाजार जितका दुबळा, तितकं सरकारचं खाकरणं मोठं ऐकू येतं.

स्मदर्स बंधूंचं सांगायचं राहिलं. ते सीबीएसविरुद्ध कोर्टात गेले. टेप उशिरा आल्याचं कारण 1973 मध्ये टिकलं नाही, करार वाहिनीनेच मोडला असं ठरलं आणि त्यांना सात लाख 76 हजार 300 डॉलर मिळाले. कार्यक्रम मात्र चार वर्षांपूर्वीच गेला होता. आज कोर्टाचा रस्ता त्याहून रुंद आहे. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल रायफल असोसिएशनच्या खटल्यात एकमताने सांगितलं की सरकारी अधिकारी तिसऱ्या कंपनीवर दबाव आणून कुणाचं बोलणं दडपू शकत नाही. फिर्यादी बंदूकवाले, त्यांचे वकील नागरी हक्कांची एसीएलयू, निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर. पण हा निकाल घेऊन दाराशी जायचं कुणी? पॅरामाउंटला व्यवहार पुरा करायचा होता, त्यांनी पैसे भरले. डिस्नीच्या एबीसीने तर डिसेंबर 2024 मध्येच ट्रम्प यांच्या एका खटल्यात दीड कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं होतं. नेक्स्टारला टेग्ना हवी होती. ज्यांच्यावर दबाव आला त्यांतल्या एकालाही भांडण नको होतं. राहिले ते डिस्नीची वर्गणी बंद करून किमेलला परत आणायला लावणारे प्रेक्षक. 1966 च्या निकालाने आयोगापुढे उभं राहायचा हक्क त्यांना मिळालेला आहे, पण तो परवान्याच्या अर्जापुरता; पॉडकास्टवर दिलेल्या धमकीला ना अर्ज असतो, ना फाइल क्रमांक. ज्या कंपनीचा अर्ज प्रलंबित आहे तिच्या कार्यक्रमांबद्दल आयोगाचा कुठलाही सदस्य जे काही बोलेल ते त्या अर्जाच्या कागदपत्रांत नोंदवलं गेलंच पाहिजे, आणि त्यावर कुणालाही हरकत घेता आली पाहिजे, एवढा एक नियम काँग्रेसने करावा. दोन्ही तंबूंनी यासाठी भांडायला हरकत नाही.